उजवीकडची मागची सीट

दुबईत कुणी मराठी माणूस वारला, की पहिला फोन गावी जातो आणि दुसरा आत्माराम धुरीला. असं कुणी ठरवून दिलेलं नाही, पण पंचवीस वर्षांत तसं होऊन बसलंय खरं. आत्मारामचा धंदा एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायचा. अल क्वोजमध्ये छोटं वर्कशॉप, बारा माणसं, आणि राहणं इंटरनॅशनल सिटीत. पण तुम्ही नाव काढलंत तर लोक म्हणणार, "ते होय, मयताचं सगळं बघतात ते!" पोलिसांचं पत्र, हॉस्पिटलचा दाखला, कॉन्सुलेटचा शिक्का, कुठल्या खिडकीवर सकाळी गेलं तर काम होतं आणि कुठल्या खिडकीवर दुपारी गेलं तर खलास, हे त्याला तोंडपाठ. माणूस एरवी महातापट. पत्रा अर्धा इंच वाकडा कापला गेला तर आख्खं वर्कशॉप डोक्यावर घेईल. पण मयताच्या कागदांसाठी हाच बाबा रांगेत तासन् तास उभा राहील आणि हूं की चूं करणार नाही.

स्मशानातले त्याचे नियम मात्र कडक. जबल अलीच्या स्मशानात पहिल्यांदाच आलेली तरुण मुलं असायची, ऑफिसातून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र लटकवून. त्यांना तो बाजूला घ्यायचा. "हे बघा, निघताना 'येतो' म्हणायचं नाही. मागं वळून बघायचं नाही. आणि काही झालं तरी गेलेल्याला नावानं हाक मारायची नाही. तो आधीच गोंधळलेला असतो. त्याला वाटतं, आपल्यालाच बोलावतायत." मुलं माना डोलवायची आणि गाडीत बसली की हसायची. हसू देत बापडी. आत्मारामनं साठ-सत्तर माणसं पोचवली होती आणि त्यातलं एकही त्याच्यामागून घरी आलं नव्हतं, हा त्याचा हिशेब होता.

घरी सुलक्षणाचे नियम त्याच्याहून वरताण. तो मयताला गेला की ती बाथरूममध्ये कोरडे कपडे ठेवायची, फ्लॅटचं दार उघडून स्वयंपाकघरात निघून जायची, आणि त्यानं आंघोळ केल्याशिवाय त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तीस वर्षांच्या संसारात दोघांची भांडणं चिक्कार झाली, पण ह्या बाबतीत कधी नाही.

झालं ते ह्या एप्रिलमध्ये झालं.

एप्रिलमध्ये इशिता, त्यांची लेक, बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं, त्यातलं एक पाचव्या महिन्यात. त्या दिवसांत आत्माराम हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ढसाढसा रडला होता आणि वर येऊन डॉक्टरवर ओरडला होता. ह्या खेपेला सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली, अडीच किलोची, डोक्यावर काळंभोर जावळ. सुलक्षणानं घराचा किल्लाच करून टाकला. बारा दिवस बाहेरचं माणूस आत नाही, म्हणजे नाही. जावई तन्मय अबू धाबीहून यायचा तर त्यालाही आधी आंघोळीला पिटाळायची.

आता संजयचं सांगायला हवं. संजय मयेकर म्हणजे आत्मारामचा फोरमन, एकोणीस वर्षांचा सोबती. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून गावीही जात नव्हता. इंटरनॅशनल सिटीतच सहा जणांत एक बेड घेऊन राहायचा. रोज सकाळी सव्वासहाला बिल्डिंगच्या कोपऱ्यावर हजर. आत्माराम गाडी थांबवायचा, काच खाली करायचा आणि ओरडायचा, "संजय, चल, बस रे, उशीर होतोय!" उशीर कधीच झालेला नसायचा. ओरडणं ही आपली पद्धत. संजय उजवीकडचं मागचं दार उघडून आत बसायचा, दार धाडकन ओढायचा, की आत्माराम गिअर टाकायचा. पुढच्या सीटवर ड्रॉइंगची भेंडोळी असायची, म्हणून मागं बसायची सवय लागली, ती पुढची सीट रिकामी असली तरी सुटली नाही. एकशेदहा किलोंचा गडी. तो बसला की गाडी त्या अंगाला बोटभर दबायची.

एवढा दांडगा, पण आपला कुणाला त्रास नको म्हणून कायम अंग चोरून असायचा. संध्याकाळी घरापर्यंत सोडतो म्हटलं तर अलीकडच्या सिग्नललाच, "इथंच उतरतो भाऊ, तुम्हाला वळसा नको." बाळ झाल्याचं कळल्यावर मात्र त्यानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "भाऊ, बाळाला बघायला कधी येऊ?"

"बाराव्या दिवशी बारसं आहे. बारशाला ये."

"नक्की येऊ ना? वहिनी काही म्हणणार नाहीत ना?"

"अरे ये म्हटलं ना! किती वेळा विचारशील?"

संजयनं बारशासाठी नवा शर्ट शिवायला टाकला. आणि बाळाच्या आठव्या दिवशी सकाळी तो कोपऱ्यावर दिसला नाही. आत्माराम दहा मिनिटं हॉर्न मारत बसला. मग संजयच्या खोलीतल्या एकाचा फोन आला. संजय झोपेतच गेला होता.

कागदपत्रांना तीन दिवस लागले. रत्नागिरीहून एक चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "तिकडंच करून टाका." म्हणजे अकराव्या दिवशी अंत्यसंस्कार आणि बाराव्या दिवशी बारसं. सुलक्षणा कपाळाला हात लावून बसली.

"अहो, घरात ओली बाळंतीण आहे. ह्या वेळी तरी दुसऱ्या कुणाला जाऊ दे."

"दुसरं कोण आहे त्याला? तोंडात पाणी कोण घालणार?"

आतून इशिता म्हणाली, "आई, प्लीज लेट हिम गो. संजय अंकल हॅज नोबडी."

सुलक्षणा कपाळावरचा हात काढून उठली. मग म्हणाली, "जा. पण आल्यावर नेहमीसारखे सरळ वर येऊ नका. खालून मला फोन करा." तिचा चेहरा असा काही झाला होता की आत्मारामला पुढं विचारायचा धीर झाला नाही. मागून काही घरात यायला नको, असाच त्याचा अर्थ धरून तो निघाला.

स्मशानात सात माणसं होती. अकरा वाजता सगळं आटोपलं. वर्कशॉपची माणसं पिकअपमधून परत गेली. वारा सुटला होता, आकाश पिवळं पडत चाललं होतं, धूळ दातांखाली करकरत होती. आत्माराम तीन रात्री धड झोपला नव्हता. तो गाडीत बसला तोच साइटवरून फोन आला, डक्टचं माप चुकलंय म्हणून. तो फोनवरच तणतणला, फोन आपटला, गाडी सुरू केली, काच खाली केली, आणि त्याच्या तोंडातून सवयीनं खणखणीत आवाजात निघून गेलं, "संजय, चल, बस रे, उशीर होतोय!"

पाय ब्रेकवर, हात गिअरवर. दाराचा आवाज यायची तो वाट बघत राहिला.

आणि दार धाडकन लागलं.

त्यानं गिअर टाकला आणि गाडी फाटकाबाहेर काढली. शंभरेक मीटर गेल्यावर आपण काय केलं ते त्याच्या डोक्यात शिरलं. आरशात बघितलं. मागं कुणी नव्हतं. सीट, सीटवर थोडी धूळ, काचेबाहेर पिवळं. दुसऱ्या कुणाच्या गाडीचं दार असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. वाऱ्यानं लागलं असेल. पण तिथं दुसरी गाडी उरलीच नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

एमिरेट्स रोडला लागल्यावर दहा मिनिटांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. उजव्या मागच्या टायरमध्ये हवा कमी.

आता टायरच्या बाबतीत आत्माराम म्हणजे सासूच. इथल्या उन्हात जुना टायर कधी फुटेल नेम नाही, म्हणून तो टायरवरची तारीख बघून, मुदत संपायच्या आत बदलणारा माणूस. चारही टायर दोनच महिन्यांपूर्वी नवे घातलेले. तो पुटपुटत पेट्रोल पंपावर शिरला, हवा तेहतीस भरून घेतली, आणि मुद्दाम मागच्या सीटकडे न बघता परत निघाला. बारा किलोमीटरवर पुन्हा दिवा. ह्या वेळी गाडी त्या अंगाला ओढतही होती. स्टिअरिंग धरून धरून मनगटं दुखायला लागली.

रस्त्यावरची वाळू सापासारखी सरपटत आडवी जात होती. पुढचे ट्रक दिसत नव्हते, नुसते त्यांचे लाल दिवे. भर दुपारी सगळ्यांनी दिवे लावले होते. आत्मारामनं वाटेतल्या एका इंडस्ट्रियल एरियात गाडी वळवली आणि पहिलं टायरचं दुकान दिसलं तिथं उभी केली. दुकानदार यहया म्हणून पेशावरकडचा माणूस होता, डोक्याला फडकं गुंडाळलेला. आत्माराम ऑफिसच्या फोनवर बोलत दुकानाच्या आडोशाला उभा राहिला. यहयानं जॅक लावला, दोनदा दांडा मारला, आणि वैतागून हाक दिली.

"भाईसाब! पीछे जो बैठा है, उसको बोलो थोडा उतर जाए. गाडी उठ नहीं रही."

आत्मारामनं फोन कानावरून काढला. "पीछे कोई नहीं है."

यहयानं धुळीनं माखलेल्या काचेला नाक लावून आत बघितलं. मग आत्मारामकडे बघितलं. "अच्छा," एवढंच म्हणाला, आणि मोठा जॅक घेऊन आला. त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. टायर काढला, पाण्याच्या टाकीत बुडवून गोल गोल फिरवला. बुडबुडा एकसुद्धा आला नाही. व्हॉल्व्हही ठीक. तरी त्यानं तो टायर मागं डिकीत टाकला आणि स्टेपनी लावून दिली, कोरीकरकरीत, तीसुद्धा तेहतीस हवा भरून. निघताना आत्मारामनं हात पुढं केला, तर तो यहयानं हातात घेतला नाही. नुसती छातीवर हात ठेवून मान लववली आणि आत गेला.

पंधरा मिनिटं गाडी सुरळीत चालली. आत्मारामनं श्वास सोडला. टायरच खराब होता म्हणायचा. आजकाल नव्या मालाचाही भरवसा राहिला नाही, असं तो मोठ्यानं बोललाही. आणि बोलता बोलताच गाडी मागून उजवीकडे दबली. खड्डा नाही, वळण नाही. कुणीतरी डुलकी लागून जागच्या जागी सैलावावं, तशी दबली. टायर बदलला होता, पण जागा तीच.

तेवढ्यात सुलक्षणाचा फोन आला. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, एकसारखं, श्वास कोंडल्यासारखं.

"कुठं पोचलात? अहो, बाळ अकरापासून रडतंय. अंगावर घेतलं तरी तोंड लावत नाही. काळंनिळं होतंय हो."

"अकरापासून?"

"हो. तुम्ही किती वेळात येताय?" मग ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "गाडीत कुणी आहे का?"

आत्मारामनं आरशाकडे बघायचं टाळलं. "कुणी नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

इंटरनॅशनल सिटीच्या एक्झिटच्या अलीकडे त्यानं गाडी कडेच्या वाळूत उतरवली. धुळीतून त्यांच्या बिल्डिंगांची लाल छपरं अंधुक दिसत होती. पाच मिनिटांवर घर. त्यानं खाली उतरून स्टेपनीला लाथ मारून बघितली. टायर टणक होता, हवा गच्च भरलेली. तरी गाडी त्या अंगाला बोटभर दबलेली. एकोणीस वर्षं रोज बघितलेलं ते दबणं त्यानं डोळे मिटूनही ओळखलं असतं.

तो घाबरला होता, हे कबूल करायला हवं. साठ-सत्तर माणसं पोचवलेला हा माणूस भर दुपारी रस्त्याच्या कडेला आपल्याच गाडीच्या दाराला हात लावायला धजत नव्हता. पण त्याहून जास्त त्याच्या कानात ते रडणं होतं. दोन गेलेली, आता ही तिसरी. आत्तापर्यंत इशितानं हाय खाल्ली नव्हती, ती ह्या एका लेकरासाठी. हिला काही झालं तर तो तिला तोंड कसं दाखवणार होता? त्यानं उजवीकडचं मागचं दार उघडलं.

सीट रिकामी होती. कव्हर मध्यभागी खोल गेलेलं.

"संजय," तो म्हणाला. "चूक माझी झाली रे. मीच हाक मारली. बारशाला ये म्हणालो, तेही मीच. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तुला समजतंय ना? लहान जीव आहे घरात."

वारा दारातून आत शिरला आणि पुढच्या सीटवरची ड्रॉइंग फडफडली. गाडी हलली नाही.

"मी तुझं सगळं करीन. दहावं, तेरावं, काही कमी पडू देणार नाही. पण आता उतर. बाबा रे, उतर."

काहीच झालं नाही. लांबून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. मग आत्मारामचा तो राग, पत्रा वाकडा कापल्यावर यायचा तो, भीतीतूनच उसळून वर आला आणि तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "उतर म्हणतो ना! कळत नाही तुला? माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही! उतर!"

आधी गाडी किंचित हलली. मग स्प्रिंगचा कुईऽऽ असा आवाज आला आणि उजवी बाजू सावकाश वर उठली. रोज संध्याकाळी सिग्नलला उठायची तेवढीच. कव्हरावरचा खळगाही हळूहळू भरून आला. आत्मारामच्या समोरून, अगदी अंगाला घासून, काहीतरी बाजूला सरकल्यासारखी हवा हलली. माणूस वाट द्यायला अंग चोरतो, तशी. मग नुसता वारा आणि वाळू. त्यानं दार लावलं, गाडीत बसला आणि मागं न बघता घर गाठलं. दिवा पेटला नाही.

खालून फोन करायचा तो विसरला. वर गेला तर दार उघडंच होतं आणि बाळ अजून रडतच होतं. तो आंघोळ करून बाहेर आला तरी रडतच होतं. सुलक्षणानं हिंग पाण्यात कालवून बाळाच्या बेंबीभोवती लावला, पाय पोटाशी दुमडून हळूहळू दाबले. लेकरानं एक मोठ्ठा वारा सोडला आणि पाच मिनिटांत आईच्या अंगावर पीत पीत झोपून गेलं. "जस्ट गॅस, बाबा," इशिता हसून म्हणाली. आत्माराम हसला नाही.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. चाळीस माणसं आली. पाळणा म्हटला, बाळाच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. आत्माराम सारा वेळ दारापाशी खुर्ची टाकून बसला होता. बेल वाजली की स्वतः उठून उघडायचा आणि आलेल्याच्या खांद्यावरून जिन्याकडे बघायचा.

पाहुणे गेल्यावर सुलक्षणा त्याच्यासमोर येऊन बसली. "काल वाटेत काय झालं?"

"कुठं काय?"

"मला सांगू नका. खालून फोन करा म्हटलं होतं, तो का नाही केलात? मी वाट बघत होते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काल सकाळी रव्याची खीर केली होती. त्याला आवडायची ना, वेलची घातलेली. दाराबाहेर पायरीपाशी वाटी ठेवली होती झाकून, तुमचा फोन आला की झाकण काढणार होते. बारशाला या म्हटलेला माणूस, तुमच्या गाडीतून रोज येणारा. येणारच ना तो. बाळंतिणीच्या घरात नसतं घेतलं मी, पण दारातून उपाशी कशी पाठवीन? म्हणून तर विचारलं, गाडीत कुणी आहे का. तुम्ही नाही म्हणालात. मग वाटलं, गेला असेल बापडा आपल्या वाटेनं. संध्याकाळी वाटी तशीच होती. टाकून दिली."

आत्मारामला रडू कोसळलं. तीस वर्षांत तिनं त्याला असं रडताना बघितलं नव्हतं. पार्किंगमधलं रडणं तिला कधी कळलंच नव्हतं. ती घाबरून उठली. "अहो, काय झालं? बोला ना!"

"आला होता तो," आत्माराम म्हणाला. "इथपर्यंत आला होता. मी उतरवला त्याला. ओरडलो त्याच्यावर. ओरडल्याबरोबर उतरला गं."

"कुठं उतरवलात?"

"एक्झिटच्या अलीकडं. रस्त्यात."

आत बाळ झोपेत चुटचुट आवाज करत होतं.

"त्या धुळीत?" ती म्हणाली.